सातशे रुपये, एक हॉल आणि रात्रीचे दोन तास : घणसोलीतल्या एका घराची व्हॅलेंटाइनची आखणी

१४ फेब्रुवारी २०२६ ला शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, महाशिवरात्र. या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

घर घणसोलीतलं, भाड्याचं, वन बीएचके. हॉल १० बाय १४ फूट, बेडरूम १० बाय १०, आणि किचन एका वेळी एकच माणूस वळेल एवढं. राहणारे चौघं : तो, ती, त्याची आई आणि साडेतीन वर्षांची मुलगी. तो ठाण्यात वागळे इस्टेटला नोकरी करतो, त्याला शनिवार-रविवार सुट्टी. ती वाशीला एका दवाखान्याचे हिशेब सांभाळते. तिला शनिवारी पूर्ण दिवस असतो, घरी पोचायला सव्वासात होतात. लग्नाला पाच वर्षं झालेली. घरीच काहीतरी करायचं आणि ७०० रुपयांच्या वर जायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

त्याची पहिली आखणी अशी होती. आईला शुक्रवारीच डोंबिवलीला बहिणीकडे पाठवायचं. बेडरूममध्ये ४० टी-लाइट, २० फुगे, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. सूप, दोन स्टार्टर, पनीरची भाजी, पुलाव, गोड. ती दारातून आत आली की अंधार आणि दिवे, साडेसातला जेवण. तिला आधी काहीही सांगायचं नाही. खर्च ६९० रुपये.

रुपयांत हे बसत होतं. मग त्याच कागदावर आणखी दोन रकाने पाडले : किती मिनिटं आणि कोणाची. स्वयंपाक साडेतीन तास, सजावट एक तास, भांडी ३१. भांडीवाल्या मावशींना रविवारी सुट्टी. म्हणजे शनिवारी रात्री अकराला ३१ भांड्यांचा ढीग, आणि सकाळी सासूबाईंना उपवासाचं करायला ओटा मोकळा हवा. ते ढिगारे कोण उपसणार हा रकाना त्याने रिकामाच सोडला होता. रिकामा रकाना आपल्या घरांमध्ये आपोआप बाईच्या नावावर जातो, हे ज्याने घर चालवलंय त्याला वेगळं सांगायला नको. घरच्या डेटमध्ये पहिल्यांदा चुकतो तो हा हिशेब. म्हणून दुसरी आखणी रुपयांपासून नाही, भांड्यांपासून सुरू केली : एकूण १३ भांडी, आणि ती त्यानेच त्याच रात्री घासायची. पदार्थ किती करायचे हे मग त्या तेरावरून ठरलं.

दिव्यांचंही गणित करून बघण्यासारखं आहे. एका टी-लाइटमध्ये १२-१३ ग्रॅम मेण असतं आणि तो साधारण ४ तास जळतो. मेणाच्या दर ग्रॅममागे सुमारे ४२ किलोजूल उष्णता निघते, म्हणजे एक दिवा ३५ ते ४० वॉटचा. असे ४० दिवे म्हणजे जवळजवळ १५०० वॉट. बादलीत पाणी तापवायच्या रॉडइतकी उष्णता, १०० चौरस फुटांच्या बंद खोलीत, वर पडदे आणि गादी. पंधरा मिनिटांत घाम फुटतो, पंखा लावला की दिवे विझतात किंवा मेण एका बाजूने वितळून सांडतं. चाळीसचे सहा केले, आणि तेही विकत न आणता दिवाळीच्या डब्यातल्या पणत्या काढल्या. कोरडी पणती तेल पिते आणि खालून झिरपते, म्हणून पणत्या दुपारी दोन तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, पुसून मग तेल घालायचं. सहाही पणत्या एकाच स्टीलच्या ताटात, पडद्यापासून तीन फूट लांब.

फुगे रद्द झाले कारण साडेतीन वर्षांचं मूल घरात फुगे बघून झोपत नाही. पाकळ्या रद्द झाल्या कारण देशी गुलाबाच्या पाकळ्यांचे डाग फिक्या चादरीवरून सहज निघत नाहीत.

आता माणसांकडे येऊ. बुधवारी त्याने आईसमोर डोंबिवलीचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, रविवारी शिवरात्र आहे. मला सकाळी लवकर ठाण्याला कोपिनेश्वराच्या देवळात जायचंय. शनिवारी रात्री साबुदाणा भिजत घालायचाय. मी कशाला जाऊ डोंबिवलीला?’ इथे बरेच जण नाराज होऊन बेत सोडतात, किंवा काहीतरी कारण काढून आईला पाठवायला बघतात. सरळ सांगणं सगळ्यांत स्वस्त पडतं. त्याने तेच केलं : ‘आई, शनिवारी नऊनंतर हॉल आम्हा दोघांना हवाय. तू हिला घेऊन आत झोपशील का?’ तिने एवढंच विचारलं, की नऊ म्हणजे मालिका संपल्यावर ना? हो म्हटल्यावर प्रश्न मिटला. लपवाछपवी केली असती तर त्या पावणेदहाला पाणी प्यायला सहज बाहेर आल्या असत्या, आणि त्यात त्यांची काही चूकही नसती. पाण्याचा तांब्या आणि भांडं आत ठेवायचं, बाथरूमला जायचं ते नऊच्या आधी उरकायचं, हेही बोलून ठरलं. वन बीएचकेमध्ये अशा गोष्टी बोलूनच ठरवाव्या लागतात.

बायकोलाही बुधवारीच सांगितलं. दिवसभर आकडे लावून, वाशीहून लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला दारात अंधार आणि आश्चर्याचा धक्का नको असतो. तुला काय हवं, असं विचारल्यावर तिने दोनच गोष्टी सांगितल्या : त्या दिवशी ओट्यासमोर उभं राहायचं नाही, आणि घाई न करता गरम पाण्याने अंघोळ. दोन्हींना खर्च शून्य. पहिल्या आखणीत यांतलं एकही नव्हतं.

त्यामुळे जागा बेडरूमऐवजी हॉल झाली आणि वेळ साडेसातऐवजी सव्वानऊ. पण सव्वासातला भुकेलं आलेलं माणूस सव्वानऊपर्यंत थांबलं तर जेवायला बसताना चिडलेलं असतं. मग पहिल्या यादीतल्या दोन स्टार्टरपैकी एक, वाटाण्याची पॅटीस, डेटमधून काढून आठच्या खाण्याला आणली, चौघांसाठी. आजी आणि नात दोघींनाही काहीतरी खास मिळालं, आणि नऊनंतरचं जेवण हलकं ठेवता आलं. या आखणीतला आमच्या मते सगळ्यांत शहाणा बदल हाच.

जेवण शाकाहारीच, कारण घरात शनिवार पाळतात. सव्वानऊला टोमॅटो-नारळाचं सार, मटार-पनीर पुलाव आणि चक्क्यातली स्ट्रॉबेरी. एक अट सगळ्याला लागू : सहानंतर मिक्सर नाही, साडेआठनंतर कुकरची शिट्टी नाही. मूल झोपल्यावर झालेली एक शिट्टी पुढचा पाऊण तास घेऊन जाते.

पॅटीस, ८ नग : बटाटे अर्धा किलो, सालासकट, अख्खे, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ४ शिट्ट्या. पाण्यात उकडलेला किंवा आधी चिरलेला बटाटा पाणी धरतो आणि पॅटीस तव्यावर फुटते. बटाटा पूर्ण गार झाल्यावरच किसायचा, गरम कुस्करला की चिकट लगदा होतो. त्यात पोह्यांची भरड २ मोठे चमचे आणि मीठ. सारणात एक वाटी वाफवलेले मटार, पाव वाटी ओलं खोबरं, आलं-मिरची, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. मुलीच्या दोन पॅटीसचं सारण मिरची घालण्याआधी बाजूला काढायचं. वळून फ्रिजमध्ये किमान एक तास. तव्यावर मध्यम आचेवर एका बाजूला ४ मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू धरण्याआधी उलथनं घातलं की अर्धी पॅटीस तव्यालाच राहते.

सारासाठी ४ मध्यम टोमॅटो उकडून, मिक्सरमधून काढून, गाळून घ्यायचे. अर्ध्या नारळाचं एक वाटी घट्ट दूध. उरलेल्या अर्ध्यातलं थोडं खोबरं पॅटीसला. तुपात जिरं, कढीपत्ता, एक मिरची, मग टोमॅटोचा रस, मीठ, चमचाभर साखर. हे सगळं पाचला करून ठेवायचं, फोडणीचा वास खिडक्या उघड्या असतानाच निघून जातो. नारळाचं दूध मात्र नऊला, सार गरम करताना, आच अगदी मंद करून घालायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही. आंबट रसात दूध उकळलं की फाटतं आणि वर कण तरंगतात. चव फारशी बिघडत नाही, पण कपातून प्यायला द्यायची वस्तू दिसायलाही नीट हवी.

पुलाव पातेल्यात, कारण शिट्टी चालणार नाही. बासमती १ वाटी, २० मिनिटं भिजवून निथळलेला. तूप, तमालपत्र, लवंग, दालचिनी, अर्धी वाटी मटार, मग तांदूळ २ मिनिटं हलक्या हाताने परतून पावणेदोन वाट्या उकळतं पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर १२ मिनिटं, गॅस बंद करून ८ मिनिटं झाकण उघडायचं नाही. पनीर २०० ग्रॅम, कोमट मिठाच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून अगदी शेवटी मिसळायचं. भाताबरोबर शिजवलेलं पनीर एकतर चिवट होतं किंवा त्याचा चुरा होतो. भात पावणेनऊला टाकला की सव्वानऊपर्यंत बसायच्या वेळी नीट गरम मिळतो. हॉटकेसमध्ये आधीच भरून ठेवायचा मोह टाळावा, वाफेने शितं मऊ पडतात.

गोडाचं काम शनिवारी सकाळी सुरू होतं. अर्धा किलो दही पंच्यात बांधून, चाळणीवर ठेवून, खाली पातेलं, सगळं फ्रिजमध्ये सहा तास. बाहेर टांगलं तर फेब्रुवारीच्या दुपारी आंबट होतं. साधारण २०० ते २२५ ग्रॅम चक्का मिळतो. त्यात ४ मोठे चमचे पिठीसाखर आणि वेलची. खाली सुटलेल्या पाण्यात रविवारची कणीक भिजते. स्ट्रॉबेरी आधी चिरून साखरेत ठेवायची नाही आणि चक्क्यात कालवायची नाही, तिला पाणी सुटतं आणि चक्का पातळ होतो. वाढायच्या पाच मिनिटं आधी चिरून काचेच्या ग्लासात एक थर चक्का, एक थर स्ट्रॉबेरी.

उजेडाकडे लोक शेवटी बघतात, खरं तर तिथून सुरुवात करायला हवी. छोटा हॉल रोजच्यासारखा दिसतो तो वरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटमुळे. सुकत घातलेले कपडे, कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप, चपलांचं कपाट, सगळं त्या उजेडात एकसारखं समोर येतं. ते हलवायची गरज नाही, त्यावर उजेड पडू द्यायचा नाही. घरातला टेबल लॅम्प जमिनीवर, सोफ्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्यात ९ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब, खोक्यावर २७०० के लिहिलेला. पांढऱ्यावर ६५०० के असतं. उजेड भिंतीवरून परतून येतो, डोळ्यांवर येत नाही. बल्ब घेण्याआधी लॅम्पचा होल्डर बघावा, बऱ्याच टेबल लॅम्पना आट्यांचा बल्ब लागतो आणि दुकानदार न विचारता पिनांचा देतो. खिडकीच्या गजांना दिवाळीची माळ लावली. बस एवढंच. बैठक जमिनीवर : सतरंजीवर धुतलेली चादर, मध्ये चौरंग, पाठीला सोफ्याच्या उशा.

फुलं शुक्रवारी रात्रीच घ्यायची. १४ तारखेला गुलाब महाग आणि यंदा त्यात शिवरात्रीची भर. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात आणि शेजारच्या कोपिनेश्वर मंदिराभोवती शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळणार नाही, हा अंदाज धरून त्याने शुक्रवारी ऑफिसमधून येताना निशिगंधाच्या सहा काड्या आणि एक गुलाब घेतला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत हात वर धरून. घरी आल्यावर देठ पाण्याखाली तिरके कापून बादलीत. निशिगंध रात्री उमलतो आणि १४० चौरस फुटांना सहा काड्या पुरून उरतात, म्हणून ताटापासून लांब, खिडकीपाशी. जेवणाच्या शेजारी उग्र वास नको, उदबत्ती तर नकोच. गजरा शनिवारी घराजवळून.

नवी मुंबईत फेब्रुवारीच्या संध्याकाळी डासांचा विचार न करता कोणतीही आखणी करू नये. सूर्यास्त पावणेसातच्या आधी, आणि त्याच्या आगेमागे तासभर डास घरात शिरतात. खिडक्या सहाला बंद, तासभर लिक्विडचं मशीन, आठनंतर जाळीची खिडकी उघडी. रात्री हवा पुरेशी गार असते, पंखा एकवर ठेवला तरी चालतो. पणत्या पंख्याच्या झोताबाहेर.

प्रत्यक्षात काय झालं?

सगळ्यांत मोठी चूक शुक्रवारी रात्री झाली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची २०० ग्रॅमची डबी त्याने आणली, उत्साहाने धुतली आणि ओलीच स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. शनिवारी दुपारी उघडलं तर निम्मी फळं लिबलिबीत, दोनांवर पांढरी बुरशी. स्ट्रॉबेरीला साल नसल्यासारखंच असतं, ओल राहिली की एका रात्रीत जाते. न धुता, देठासकट, कागदावर एका थरात ठेवायची आणि खाताना धुवायची. दुसरी डबी ९० रुपयांना आणावी लागली, ते शिलकीतून गेले.

मुलीची दुपारची झोप दीडला सुरू होऊन अडीचला मोडायची होती. आजीला तिची दया आली, ती सव्वातीनपर्यंत झोपली. परिणाम नेमका तेवढाच : साडेआठऐवजी सव्वानऊला डोळा लागला. भात तयार होता, सार थांबवता आलं. गॅसवरचा शेवटचा टप्पा वीस-पंचवीस मिनिटं मागे सरकवता येईल असाच ठेवायचा, याचं कारण हे. सासूबाईंनी साबुदाणा पावणेनऊला भिजवला, त्याच वेळी त्याला भात टाकायचा होता, आणि किचनमध्ये दोघांची पाच मिनिटं गर्दी झाली. ओट्याच्या वेळाही लिहून ठेवायला हव्या होत्या.

ती साडेसातला अंघोळीला गेली आणि आठला बाहेर आली. त्या अर्ध्या तासात मुलगी दोनदा बाथरूमच्या दाराशी गेली, दोन्ही वेळा त्याने उचलून आणली.

बसल्यावर पहिली वीस मिनिटं दोघं कुजबुजत होते. दाराच्या पलीकडे आई झोपलीय हे डोक्यातून जात नाही. उपाय साधा निघाला : गाणी लावलेला फोन आपल्याजवळ न ठेवता बेडरूमच्या दाराशेजारी ठेवायचा, हळू आवाजात, रिकाम्या पेल्यात उभा. आतल्या माणसाला बोलण्याऐवजी गाणं ऐकू येतं आणि बाहेर नेहमीच्या आवाजात बोलता येतं. गाणी आधी उतरवून घेऊन फोन विमान मोडवर टाकलेला होता. दुसरा फोन किचनमध्ये.

बोलायचं काय, ही अडचण खरी असते आणि ती कबूल करायला लोक लाजतात. पाच वर्षांनी दोन माणसं समोरासमोर बसली की गॅस सिलिंडर, नर्सरीचा प्रवेश आणि घरमालकाची भाडेवाढ यांवर येऊन थांबतात. त्या विषयांसाठी आठ ते साडेआठ वेळ ठेवली होती, पॅटीसच्या बश्या आवरताना. नंतर ते काढायचे नाहीत. त्याने आठ चिठ्ठ्या लिहून वाटीत ठेवल्या : या घरातला तुला आवडणारा कोपरा कोणता, मी करायचं सोडलेलं असं काय तुला आठवतं, कशावरून झालेलं भांडण आता आठवलं की हसू येतं. तीनच चिठ्ठ्या उघडल्या गेल्या. दुसरीवर ती बराच वेळ बोलली, बाकीच्या पाच लागल्याच नाहीत. कोऱ्या पाठीच्या कागदावर लिहिलेलं एक पानी पत्र त्याने शेवटी वाचायला दिलं, मोठ्याने वाचून दाखवलं नाही. ते योग्यच केलं. काही गोष्टी वाचणाऱ्याच्या वेगाने वाचल्या जायला हव्यात.

पावणेअकराला दोघं गच्चीत गेले. किल्ली सेक्रेटरींकडून शुक्रवारीच घेतली होती, आयत्या वेळी वॉचमनला उठवणं बरं नाही. चांदण्याची अपेक्षा मात्र ठेवायची नाही : शिवरात्रीच्या आदल्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवतच नाही. त्याचा फायदा असा, की घणसोलीच्या उजेडातही पश्चिमेकडे कललेलं मृग नक्षत्र, त्याच्या खाली व्याध आणि जवळजवळ डोक्यावर मिथुन राशीत गुरू, एवढं नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतं. पंधरा मिनिटं पुरतात.

खर्च : स्ट्रॉबेरीच्या दोन डब्या १७०, दही ४५, पनीर ९०, मटार ३०, बटाटे आणि टोमॅटो ३०, नारळ ४५, कोथिंबीर-मिरची-आलं-लिंबू २०, निशिगंध ६०, गुलाब ३०, गजरा ३०, बल्ब ११०. एकूण ६६०. स्ट्रॉबेरी पहिल्यांदाच नीट ठेवली असती तर ५७०. तांदूळ, तूप, मसाले, तेल आणि साखर घरातले.

भांडी १३ ऐवजी १६ झाली, पॅटीसचा तवा आणि सारणाची दोन पातेली मोजणीत धरली नव्हती. त्याने सव्वाअकरा ते पावणेबारा घासली, ओटा पुसला, साबुदाण्यावर झाकण ठेवलं. ती तोवर झोपली होती.

चक्का मुद्दाम थोडा जास्त केला होता. दही, साखर, वेलची आणि फळ, त्यात उपवासाला न चालणारं काही नाही. रविवारी कोपिनेश्वरहून आल्यावर सासूबाईंनी तो साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घेतला. मात्र त्यांचा वाटा शनिवारीच, सगळ्यांच्या चमच्यांआधी, वेगळ्या वाटीत काढून ठेवायचा. उष्टा झालेला त्यांना चालला नसता.